भिजत घोंगडे

आमच्या गिरगावातल्या चाळीच्या पुनर्विकासाचे काय झाले, असे परवा मी सहज विचारले, तेव्हा हयातभर इंग्रजी शिकवलेले शेजारचे मास्तर ‘अजून हवेतच आहे’ म्हणाले, आणि तो विलायती वाक्प्रचार धोतर नेसून दारात उभा राहिलेला पाहून माझे पित्त खवळले.

हवेत उडवलेले नाणे कुणी झेलो न झेलो, खाली येतेच. घोंगडे मात्र आपण होऊन भिजत नाही. ते कुणीतरी भिजत घातलेले असते, आणि जितके भिजावे तितके जड होते. (चिंचोक्याची खळ दिलेले धनगरी घोंगडे श्रावणात पिळायला आमच्या आजोबांना दुसरा गडी लागे.) एकाला कर्ता नाही, दुसऱ्याला आहे, हा माझा भेद.

‘मग अधांतरी शब्द कुठला? त्रिशंकू काय इंग्रज होता?’ मास्तर म्हणाले.

‘त्यालाही ढकलणारा इंद्र आणि थोपवणारा विश्वामित्र असे दोन कर्ते होतेच!’ असे बजावून मी गिरणी संपाचा दाखला काढला. १८ जानेवारी १९८२ पासून डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार बाहेर. कायद्याने प्रातिनिधिक ठरलेला मात्र राष्ट्रीय मिल मजदूर संघ. तेव्हा ज्यांच्यामागे कामगार त्यांच्याशी वाटाघाट नाही आणि ज्यांच्याशी वाटाघाट त्यांच्यामागे कामगार नाहीत, हा पेच सरकार व मालक यांनी असा जपला की संप रीतसर मागे घेतल्याची घोषणा कधी झालीच नाही. घोंगडे कुणी भिजत घातले ते उघड आहे!

बोलता बोलता मला परळचे काका आठवले. साचेखात्यातले; पुढे एका टॉवरच्या फाटकावर राखणदार झाले. ट्रंकेत गिरणीचा पास जपलेला. कुणी ‘संप फसला’ म्हटले की विचारीत, ‘मागे कधी घेतला?’ म्हणजे या घोंगड्यावर पाणी शिंपडणारा एक हात त्यांचाही होता. निकाल लागता तर त्यांना पराभवावर अंगठा उठवावा लागला असता. कर्ता म्हणजे गुन्हेगार, असे मी उगाच धरून चाललो होतो.

मास्तरांनी चष्मा पुसला. ‘चाळीच्या संमतिपत्रावर तुमची सही झाली?’

ते माझ्या कपाटात, गेल्या वर्षीच्या पंचांगाखाली आहे.