एन-दोरची बाई, गिरगावची मॅडम

थिऑसॉफिकल सोसायटीचे संस्थापक मॅडम ब्लाव्हाट्स्की आणि कर्नल ऑल्कट १६ फेब्रुवारी १८७९ रोजी मुंबईला बोटीतून उतरले आणि त्यांनी बिऱ्हाड थाटलं ते गिरगावात. फणसवाडीपासून रमतगमत चालत जाण्याच्या अंतरावर, तेव्हाच्या गिरगाव बॅक रोडवर, म्हणजे आजच्या विठ्ठलभाई पटेल रोडवर. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात त्यांचं ‘थिऑसॉफिस्ट’ हे मासिक मुंबईतून निघू लागलं. बाई नुसत्या हवेतून घंटानाद ऐकवतात, अदृश्य महात्म्यांची पत्रं मिळवतात, अशी ख्याती होती. शिकलेली मुंबई, म्हणजे वकील, पदवीधर, पारशी शेटजी, त्यांच्या दिवाणखान्यात जाऊन बसू लागली.

गिरगावकराला तशी भुताखेतांची नवलाई नव्हती. कोकणातून येताना त्याने ट्रंकेबरोबर समंध, मुंजा, हडळ, खवीस ही सगळी मंडळी आणलीच होती. चंदनवाडीचं स्मशान हाकेच्या अंतरावर. पुढे चाळींतून प्लँचेटचं खूळ आलं. पाटावर खडूने अक्षरं काढायची, मधोमध वाटी पालथी घालायची, उदबत्ती लावायची आणि तिघांनी वाटीवर बोट टेकवायचं. वाटी सरकली की ‘तूच ढकललीस’ यावरून आधी भांडण. मग पहिला प्रश्न परीक्षेच्या निकालाचा, दुसरा लग्नाचा. हे झालं पोराटोरांचं. पण ज्या घरातला कर्ता मुलगा अवेळी गेला असेल तिथे हीच वाटी खेळ राहत नसे. तिथे आई विचारायची, ‘सुखात आहेस ना रे?’

ख्रिस्ती धर्माला या बाबतीत काही सांगायचं असेल, तर ते या आईला सांगता आलं पाहिजे. माझ्या मते मिशनऱ्यांची गाडी चुकली ती इथेच.

जानेवारी १८८२ मध्ये अमेरिकेचे नामांकित धर्मोपदेशक जोसेफ कुक मुंबईत आले. टाउन हॉलमध्ये त्यांनी थिऑसॉफिस्टांवर तोफ डागली. इकडून ऑल्कटनी प्रत्युत्तर दिलं, दयानंद सरस्वतीही तेव्हा मुंबईतच होते, त्यांनीही आव्हान दिलं. करमणूक चांगली झाली असणार. पुढे सोसायटीने आपलं ठाणं मद्रासजवळ अड्यारला हलवलं, आणि १८८४ च्या सप्टेंबरात मद्रास ख्रिश्चन कॉलेजच्या मासिकाने बाँब टाकला: ब्लाव्हाट्स्कींची म्हणून काही पत्रं छापली. ती पुरवली होती एमा कूलाँब या बाईने. ही ब्लाव्हाट्स्कींच्या कैरोपासूनच्या ओळखीची. १८८० मध्ये मुंबईला येऊन ब्लाव्हाट्स्कींच्या घरात राहिलेली. पत्रांवरून दिसत होतं की चमत्कार हे सरळ हातचलाखीचे प्रयोग होते. लंडनच्या सायकिकल रिसर्च सोसायटीने रिचर्ड हॉजसनला चौकशीला धाडलं आणि १८८५ च्या त्याच्या अहवालाने ब्लाव्हाट्स्कींना लबाड ठरवलं. (शंभर वर्षांनी, १९८६ मध्ये, त्याच सोसायटीच्या नियतकालिकात त्या अहवालाच्या चिरफाडीचा लेख आला, ही त्यातली गंमत.)

मिशनऱ्यांची सरशी झाली खरी, पण हत्यार उसनं होतं. ‘ही फसवणूक आहे’ हे कुठलाही बुद्धिवादी सांगेल, त्यासाठी बायबल हातात धरायचं कारण नाही. बायबलचा आक्षेप फसवणुकीपाशी संपत नाही. फसवणूक नसली तरी तो उरतो.

शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकातला अठ्ठाविसावा अध्याय पाहा. शौल राजाने स्वतःच देशातले भूतविद्यावाले हाकलून दिले होते. मग पलिष्ट्यांची फौज समोर ठाकली, देव काही उत्तर देईना, तेव्हा हाच राजा वेश पालटून रात्री एन-दोरच्या बाईकडे गेला. मेलेल्या शमुवेल संदेष्ट्याला बोलाव म्हणाला. आणि शमुवेल येतो! ग्रंथकार ‘बाईने बनाव केला’ असं म्हणत नाही. आद्य ख्रिस्ती पंडित ओरिजेनच्या मते शमुवेल खराच आला, इतर कित्येकांना तो सैतानाचा देखावा वाटला. या ओळींनी टीकाकारांना शतकानुशतकं छळलं आहे. पण आलेला शमुवेल सांगतो काय? जिवंत असताना सांगितलं तेच. नवी बातमी एवढीच, की उद्या तू आणि तुझी मुलं माझ्याकडे असाल. राजा जमिनीवर कोसळतो. दिवसभर, रात्रभर त्याच्या पोटात अन्न नसतं. मग तीच बाई, जिचा धंदा त्याने बुडवला होता, घरातलं पोसलेलं वासरू कापते, पीठ मळते, बेखमीर भाकरी भाजते आणि त्याला जेवू घालते. उद्या मरणाऱ्या माणसाला त्या रात्री काही मिळालं असेल तर ते मेलेल्याकडून नव्हे, या बाईच्या चुलीवरून.

बायबलमधल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या अठराव्या अध्यायातली भूतविद्येची मनाई या अर्थाने वाचावी. भुतं नसतात म्हणून ती मनाई नाही. मेलेला माणूस आता तुमच्या ताब्यातला नाही, त्याला हाक मारून कामाला लावू नका, असा तिचा रोख आहे. लूकच्या शुभवर्तमानातल्या लाजराच्या दाखल्यात मेलेला श्रीमंत माणूस विनवतो की मेलेल्या लाजराला माझ्या जिवंत भावांकडे पाठव, ते सावध होतील. त्याला नकार मिळतो: जिवंतांनी जिवंतपणी ऐकायचं ते त्यांच्यापाशी आधीच आहे.

कठोर वाटतं ना? संत ऑगस्टीनलाही वाटलं असावं. मृतांची काळजी या विषयावर इसवी सन ४२१ च्या सुमारास त्याने एक छोटं पुस्तक लिहिलं. मेलेली माणसं जिवंतांच्या व्यवहारात लक्ष घालतात का, या प्रश्नावर शास्त्रार्थ करता करता तो एकदम आपल्या आईवर येतो. मोनिका जिवंतपणी त्याच्या मागोमाग समुद्र ओलांडून गेली होती. त्याचा युक्तिवाद असा, की गेलेल्यांना येता आलं असतं तर माझी आई एकही रात्र माझ्यापासून दूर राहिली नसती. ती येत नाही, यावरून समजा. मला हा ख्रिस्ती परंपरेतला सगळ्यांत प्रामाणिक पुरावा वाटतो, कारण त्यात मांत्रिकावर विजय मिळवल्याचा आव नाही. चाळीतल्या त्या आईशी बोलायला हाच माणूस लायक.

आता ख्रिस्ती म्हणजे एकच मत असंही नाही. गिरगावच्या सेंट तेरेसा चर्चचा कॅथलिक २ नोव्हेंबरला मृतांसाठी प्रार्थना करतो. शुद्धिस्थानातल्या आत्म्यांना तिचा उपयोग होतो असं त्याची श्रद्धा सांगते. मिशनरी जॉन विल्सनच्या स्कॉटिश परंपरेतल्या आंब्रोली चर्चचा प्रोटेस्टंट म्हणेल, मेल्यावर निकाल देवाच्या हाती, आपली प्रार्थना तिथे काय करणार. पण एका गोष्टीवर दोघांचं एकमत: प्रार्थना देवाकडे करायची, मेलेल्याला समोर बसवून जाब विचारायचा नाही. आणि खुद्द ब्लाव्हाट्स्कींचंही मत होतं की प्लँचेटसारख्या बैठकीत बोलतो तो तुमचा आप्त नसतो, त्याचं उरलेलं टरफल असतं. कारण वेगळं, पण सावधगिरी तीच.

एक अडचण ख्रिस्ती माणसाने टाळू नये. १९०५ मध्ये केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती सदनात पवित्र आत्म्याचं संजीवन आलं म्हणतात. मुली रडल्या, थरथरल्या, अनोळखी भाषा बोलल्या. शेजारच्या गावातून पाहणाऱ्याने याला अंगात येणंच म्हटलं असतं, आणि त्याला दोष कसा द्यावा? योहानाच्या पहिल्या पत्रात आत्म्यांची पारख करा असं बजावलं आहे, ते परक्या आत्म्यांपुरतं नाही.

पारखायचं कसं, याचा एक धडा प्रेषितांच्या कृत्यांच्या सोळाव्या अध्यायात आहे. फिलिप्पीला भविष्य सांगणारी एक दासी होती. तिच्यात आत्मा होता, आणि तिच्या मालकांच्या खिशात पैसा. पौलाने तिला त्या आत्म्यापासून सोडवलं. म्हणजे आत्म्याच्या नावावर कोण कमावतं आणि कोण सोसतं, हे आधी पाहायचं. आपल्याकडे अशा प्रकारांविरुद्धचा जादूटोणाविरोधी कायदा २०१३ मध्ये झाला, तोही त्यासाठी झटणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाल्यानंतर. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणं, मिरचीची धुरी देणं त्यात गुन्हा आहे, मग ते करणारा भगत असो वा प्रार्थनासभेतला पास्टर. त्याआधी कित्येक वर्षं हा कायदा म्हणजे धर्मावर घाला आहे अशी ओरड चालली होती. फिलिप्पीतही कमाई बुडाल्यावर मालकांनी पौलाला आणि सीलाला चौकात ओढत नेलं, फटके मारवले, तुरुंगात टाकवलं. फिर्यादीत मात्र कमाईबद्दल चकार शब्द नव्हता. हे लोक आपल्याला न शोभणाऱ्या चालीरीती शिकवतात, एवढंच त्यांनी न्यायाधीशांना सांगितलं.