मैदानावरील नाव आणि न्यायाची कसोटी



नाशिकच्या शरणपूर रोडवरील तिबेटियन मार्केट आपणा सर्वांच्या परिचयाचे आहे. परंतु ते नाव ज्या लोकांचे, त्यांच्याविषयी आपण किती विचार करतो? आपल्याच महाराष्ट्रात, गोंदिया जिल्ह्यातील अर्जुनी मोरगाव तालुक्यात, 1972 पासून तिबेटी निर्वासितांची नॉरग्येलिंग ही वसाहत आहे. तेथे जन्मलेली मुले मराठी बोलतात. पण ‘तुमचा देश कोणता?’ या प्रश्नाला त्यांच्या घरात सरळ उत्तर नाही.

या लोकांचा एक फुटबॉल संघही आहे. ‘फिफा’च्या 211 सदस्यांत तिबेटला स्थान नाही. तरीही 30 जून 2001 रोजी कोपनहेगन येथे तिबेटचा संघ ग्रीनलँडविरुद्ध खेळला. चीनने विरोध केला, पण सामना झाला. तिबेट 4-1 ने हरला. पुढे 2013 मध्ये अशा मान्यता नसलेल्या संघांसाठी ‘कोनिफा’ ही संघटना स्थापन झाली. तिच्या 2018 च्या लंडन येथील विश्वचषकात सोळा संघ होते. त्यांत तिबेट होता आणि यजमानपद बरावा या संघाकडे होते. बरावा हे सोमालियाच्या दक्षिण किनाऱ्यावरील जुने बंदर. यादवी युद्धामुळे तेथील अनेक कुटुंबे ब्रिटनमध्ये विखुरली आहेत.

आता प्रश्न असा की, आपल्या समाजाचे नाव छातीवर मिरवण्याची ही ओढ म्हणजे इस्लामने निषिद्ध ठरवलेली ‘असबियत’ आहे काय?

पवित्र कुरआनच्या सूरह अल-हुजुरातमधील तेराव्या आयतीचा आशय असा की, अल्लाहने माणसांचे वंश व कबिले केले ते परस्परांची ओळख व्हावी म्हणून. श्रेष्ठत्व मात्र केवळ ईशभीरुतेचे. ओळख हाच हेतू असेल, तर कोणत्याही समाजाचे नाव पुसून टाकणे हा त्या हेतूचाच भंग ठरतो. मक्का सोडावी लागली तेव्हा प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्या नगरीविषयी व्यक्त केलेली माया हदीसग्रंथांत नमूद आहे. आपल्या लोकांवर प्रेम करणे म्हणजे असबियत नव्हे. अन्यायात आपल्या लोकांची साथ देणे म्हणजे असबियत, अशीच शिकवण हदीसमधून मिळते.

येथेच खरी कसोटी लागते. 2016 चा कोनिफा विश्वचषक अबखाझियातील सुखुमी येथे झाला आणि यजमान संघानेच तो जिंकला. अबखाझ लोकांचा आनंद खोटा नव्हता. परंतु 1992-93 च्या युद्धात त्याच भूमीतून जॉर्जियन रहिवाशांना मोठ्या संख्येने परागंदा व्हावे लागले. ज्यांना जग ओळखत नाही, त्यांच्या विजयोत्सवातही दुसऱ्या कोणाचे तरी हरवलेले घर असू शकते. पीडित असणे हा न्यायी असण्याचा पुरावा नव्हे.

वाचकहो, ही कसोटी आपल्यालाही लागू आहे. 1982 च्या नागरिकत्व कायद्याने म्यानमारमध्ये परके ठरलेल्या रोहिंग्यांपैकी काही तरुणांनी 2015 मध्ये क्वालालंपूर येथे आपला फुटबॉल क्लब उभारला, हे वाचून आपले मन भरून येते. ते येणे स्वाभाविकच. पण ते आपले धर्मबांधव आहेत म्हणूनच भरून येत असेल आणि बौद्ध तिबेट्याच्या दुःखापाशी कोरडे राहत असेल, तर ती न्यायबुद्धी नव्हे; ती करुणेचे वस्त्र ल्यालेली असबियतच होय. सूरह अल-माइदातील आठव्या आयतीत एखाद्या समाजाच्या शत्रुत्वामुळेही न्याय सोडू नका, अशी आज्ञा आहे. ज्यांच्याशी आपले वैरच नाही, त्यांच्याबाबतीत तर कोणतीच सबब उरत नाही.

म्हणून आपल्या मुलांना दोन गोष्टी एकत्रच शिकवू या: आपले नाव अभिमानाने सांगावे आणि दुसऱ्याचे नाव आदराने विचारावे. अल्लाह आपणा सर्वांना न्यायावर अढळ राहण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.