वादग्रस्त शब्द आणि तटस्थ निवेदक

वृत्तपत्रांच्या पक्षपाताची चर्चा बहुधा खऱ्याखोट्याच्या अंगाने केली जाते. बातमी खोटी होती काय, एखादे तथ्य दडपले गेले काय, मालकांचे हितसंबंध आड आले काय, असे प्रश्न विचारले जातात. एडवर्ड हर्मन आणि नोम चोम्स्की यांनी १९८८ मध्ये ‘मॅन्युफॅक्चरिंग कन्सेंट’ या ग्रंथात मालकी, जाहिराती, अधिकृत सूत्रांवरील अवलंबन इत्यादी गाळण्यांचे जे प्रारूप मांडले, त्याने या चर्चेला काटेकोरपणा दिला. पण त्यातही मुख्य भर राहिला तो कोणती बातमी पार होते आणि कोणती अडते यावर. गाळणीतून पार झालेल्या, तपशिलाने अचूक असलेल्या बातमीत नैतिक दोष राहू शकतो काय, हा प्रश्न भाषेच्या अभ्यासकांना अधिक जवळचा वाटावा. येथे तो एकाच शब्दाच्या आधारे तपासायचा आहे. इंग्रजीतला तो शब्द ‘टॉर्चर’, मराठीत ‘छळ’.

बांधलेल्या माणसाचे डोके खाली करून, तोंडावर फडके टाकून त्यावर पाणी ओतत राहायचे, या कृतीला इंग्रजीत ‘वॉटरबोर्डिंग’ म्हणतात. अमेरिकेच्या सीआयएने २००२ व २००३ मध्ये ती आपल्या कैद्यांवर केली. अबू झुबैदावर ८३ वेळा, खालिद शेख मोहम्मदवर १८३ वेळा. कृती नवी नव्हती. दुसऱ्या महायुद्धानंतर तोक्यो येथे चाललेल्या युद्धगुन्ह्यांच्या खटल्याच्या निकालपत्रात जपानी लष्कराच्या छळप्रकारांमध्ये पाण्याच्या या प्रकाराचा स्पष्ट उल्लेख आहे. अमेरिकी वृत्तपत्रांनाही तिचे नाव ठाऊक होते. हार्वर्ड विद्यापीठाच्या केनेडी स्कूलमधील विद्यार्थ्यांनी २०१० मध्ये केलेल्या पाहणीनुसार, १९३० च्या दशकापासून १९९९ पर्यंत ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने या कृतीविषयीच्या ५४ पैकी ४४ मजकुरांत तिला छळ म्हटले किंवा तसे सूचित केले. २००२ ते २००८ या काळात मजकूर झाले १४३, आणि तसे म्हणणारे केवळ २. ‘लॉस एंजेलिस टाइम्स’चे आकडे अनुक्रमे २७ पैकी २६ आणि ६३ पैकी ३. पाणी तेच, फडके तेच. बदलला तो पाणी ओतणारा हात.

वृत्तपत्राने खोटे छापले, असे येथे म्हणता येत नाही. २००४ च्या मे महिन्यात या कृतीची वाच्यता करणाऱ्यांत ‘न्यूयॉर्क टाइम्स’च होता. ‘वॉशिंग्टन पोस्ट’ने २००५ मध्ये सीआयएच्या गुप्त तुरुंगांची बातमी दिली, यद्यपि अधिकाऱ्यांच्या विनंतीवरून पूर्व युरोपातील देशांची नावे वगळली. धाडस होते, शोध होता, तपशील होता. अडखळले ते नामकरणाशी. त्याचे समर्थनही ‘टाइम्स’ने दिले. ही कृती छळ आहे की नाही, हाच मुळी राजकीय वादाचा विषय झाला आहे; अशा वेळी तो शब्द वापरणे म्हणजे एका पक्षात सामील होणे; म्हणून आम्ही माहिती देतो, निर्णय वाचकांनी करावा, असा त्याचा आशय होता.

वरवर पाहता हा युक्तिवाद निर्दोष आहे. किंबहुना वृत्तपत्रीय सभ्यतेचा तो आदर्शच ठरावा. परंतु शब्द वादग्रस्त होतो म्हणजे काय होते? कोणतेही राज्य आपण छळ करतो असे सहसा म्हणत नाही. परक्या राजवटींचे इन्कार याच वृत्तपत्रांपर्यंत पोहोचत असत, पण त्यामुळे शब्द वादग्रस्त झाला नाही. तो राजवटीचा इन्कार म्हणून छापला गेला आणि शब्द जागेवर राहिला. अमेरिकी न्यायखात्याच्या १ ऑगस्ट २००२ च्या टिपणाने मात्र शारीरिक छळाची व्याख्याच आवळली. वेदना एखादा अवयव निकामी होताना किंवा मृत्यूसमयी व्हावी इतकी तीव्र हवी, असे त्यात ठरले. टिपण पुढे मागे घेतले गेले, तरी शब्दाला ‘दोन बाजू’ मिळाल्या. पाण्याखाली गुदमरणाऱ्या माणसाने त्या कृतीला काय म्हटले असते, याने कोणताही शब्द वादग्रस्त होत नाही. अर्थाविषयी वाद निर्माण करण्याची क्षमता हीच सत्तेची एक खूण आहे, आणि तटस्थ निवेदक तो वाद जसाच्या तसा स्वीकारतो तेव्हा त्याने आपल्या नकळत एक बाजू घेतलेली असते.

यावर एक गंभीर आक्षेप संभवतो. न्यायालयाने ठरवेपर्यंत आपण ‘गुन्हेगार’ न म्हणता ‘आरोपी’ म्हणतो. मग ‘छळ’ या कायद्याच्या शब्दाबाबत तोच संयम का नको? आक्षेप टाळण्याजोगा नाही. मात्र निर्दोषत्वाचे गृहीतक माणसाला संरक्षण देते, कृतीला नव्हे. कोणी केले हे ठाऊक नसतानाही ‘दरोडा पडला’ असे वृत्तपत्र लिहितेच. शिवाय नाव टाळून शुद्ध वर्णन करू, हे आश्वासन भाषेला पाळता येत नाही. ‘छळ’ गेला त्या जागी ‘कठोर चौकशीपद्धती’ आल्या, ‘बुडण्याचा आभास’ आला. यातील ‘आभास’ पाहण्यासारखा आहे. कैद्याच्या नाकातोंडात पाणी जाते, श्वास बंद होतो; अबू झुबैदा एकदा पूर्णपणे निश्चेष्ट झाल्याची नोंद सिनेटच्या समितीने डिसेंबर २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या सारांशात आहे. आभास असलाच तर तो वाचकाला होतो.

सौम्योक्ती मराठीला परकी नाही. आपल्याकडे बांगडी फुटत नाही, ‘वाढवते’. दिवा विझवत नाहीत, ‘मालवतात’. पण तेथे बोलणारा आणि ऐकणारा दोघेही मुख्यार्थ जाणतात, आणि अशुभाचा उच्चार टाळण्यापुरताच तो संकेत असतो. प्रशासकीय सौम्योक्तीत ऐकणाऱ्याला मुख्यार्थापर्यंत पोहोचू न देणे हेच प्रयोजन असते. मुख्यार्थाचा बाध झाल्यावर लक्षणेकडे वळावे, असे आपले साहित्यशास्त्र सांगते. येथे बाध झालेला नसतो, तो घडवून आणलेला असतो.

‘न्यूयॉर्क टाइम्स’ने ७ ऑगस्ट २०१४ रोजी आपले धोरण बदलले. न्यायखाते आता खटले भरणार नाही, त्यामुळे वाद कायदेशीर अर्थापेक्षा या पद्धती उपयुक्त ठरल्या की नाही यावर येऊन ठेपला आहे, असे कारण संपादकांनी दिले. म्हणजे शिक्षेचा संभव संपल्यावर शब्द सुरक्षित झाला. सहाच दिवस आधी राष्ट्राध्यक्ष ओबामांनी पत्रकारांसमोर, आपण काही लोकांचा छळ केला, असे म्हटले होते. या दोन घटनांत कार्यकारणभाव असल्याचे सिद्ध करता येत नाही. क्रम मात्र नोंदवावा.

मराठी वृत्तपत्रांसाठी हा प्रश्न दूरदेशीचा नाही. ‘थर्ड डिग्री’ हा शब्दप्रयोग आपल्याकडे अमेरिकेतूनच आला. तेथील विकरशॅम आयोगाने १९३१ च्या अहवालात पोलिसांच्या या प्रथेवर कोरडे ओढले होते. आपण त्याला जोड दिली ती ‘पोलिसी खाक्या’ची. ‘पोलिसी खाक्या दाखवताच आरोपीने गुन्ह्याची कबुली दिली’ हे वाक्य वाचल्यावाचून मराठी वाचकाचे वर्ष सरत नाही. येथे शब्द वादग्रस्त करण्यासाठी कोणा सरकारी वकिलाला टिपण लिहावे लागले नाही. खाक्या ‘दाखवला’ जातो, मारला जात नाही. दाखवणाऱ्याचे नाव वाक्यात नसते, आणि ज्याला तो दाखवला त्याच्या वाट्याला एकच क्रियापद येते, कबुली देण्याचे. वाक्यात किंचित कौतुकाचाही सूर आहे, तो अमेरिकी वृत्तपत्राच्या कोरड्या गद्यात सापडत नाही. हे वाक्य आपल्या बातमीत केव्हा रुळले आणि कोठडीतील मृत्यूच्या बातमीत ते कसे अचानक नाहीसे होते, हे जुन्या दैनिकांच्या संचिका चाळून पाहण्याजोगे काम आहे.