‘सहन कर’ हे कुणी कुणाला म्हणायचं?



आजचं चिंतन : श्रीमद्भगवद्गीता, अध्याय २, श्लोक १४.

भावार्थ साध्या शब्दांत असा : इंद्रियांचा बाहेरच्या जगाशी संबंध आला की थंडी-ऊन, सुख-दुःख हे अनुभव येणारच. ते येतात तसे जातातही, कायमचं कुणीच राहत नाही. म्हणून अर्जुना, ते तू सहन कर.

हा श्लोक मला शाळेत असल्यापासून पाठ आहे. आठवीत गीता पाठांतर स्पर्धेत म्हटला होता. पण त्याचा अर्थ मी किती चुकीचा धरून बसलो होतो, हे कळलं मे महिन्यात, स्लीपरच्या डब्यात, भुसावळच्या पुढे. प्रसंग सांगायला लाज वाटते, पण लपवून चिंतन करण्यात काय अर्थ?

पुण्याहून शेगावला दर्शनाला निघालो होतो. एसीचं तिकीट मिळालं नाही. मनात म्हटलं, बरंच झालं, महाराजांच्या दर्शनाला जाताना थोडा कष्टाचा प्रवास हवाच. तयारी मात्र पक्की केली होती : पाण्याच्या दोन मोठ्या बाटल्या, सुती पंचा, काळा चष्मा. आणि नशिबानं खालचा बर्थ, खिडकीजवळचा.

मनमाड गेलं, जळगाव गेलं. खानदेशातलं ऊन ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको. दुपारी दोनच्या सुमारास खिडकीतून येणारा वारा म्हणजे चुलीपुढची झळ. लोखंडी बार हाताला चटका देत होते. वरचे पंखे फिरत होते, पण गरम हवाच इकडून तिकडे फेकत होते. मी पंचा भिजवून खिडकीला अडकवला. ओल्या कापडातून येणारी हवा जरा गार लागते, म्हणून माझा कोपरा सुसह्य होता. मग मी मोबाइल काढला आणि दुसऱ्या दिवशीचं चिंतन लिहायला घेतलं. विषय? हाच श्लोक!

जळगावला एक आजी-आजोबा आणि त्यांचा चार-पाच वर्षांचा नातू चढले होते. तिघांत मिळून एकच जागा. अकोल्याला जायचं होतं. भुसावळ सुटल्यावर आजी म्हणाल्या, “बाबू, लेकरू गरमीनं कासावीस होऊन राहिलं. थोडं खिडकीपाशी बसू देतं का त्याले?”

आणि मी काय म्हणालो? “आजी, उन्हाळा म्हटलं की थोडं सोसावं लागतंच. येईलच आता अकोला.”

अकोला तेव्हा दोन तासांवर होतं.

आजी काही बोलल्या नाहीत. पदरानं नातवाला वारा घालत राहिल्या. मी परत मोबाइलमध्ये डोकं घातलं. तितिक्षा या विषयावर माझा चांगला मोठा परिच्छेद लिहून झाला होता. मजकूर मला आवडलाही होता.

मलकापूरच्या आसपास वरच्या बर्थवरून एक कॉलेजचा मुलगा खाली उतरला. वर तर छताचा तापलेला पत्रा अगदी डोक्याशी येतो, म्हणजे डब्यातली सगळ्यात गरम जागा त्याची होती. त्यानं मुलाकडे एकदा पाहिलं. मुलगा आजीच्या मांडीवर मान टाकून पडला होता, तोंड लाल, ओठ कोरडे, हाक मारली तर नुसता ‘हं’ म्हणायचा. तो मुलगा मला म्हणाला, “दादा, जरा सरकता का?” मी सरकलो. त्यानं स्वतःच्या पिण्याच्या पाण्यात रुमाल भिजवला, पोराची मान, काखा, कपाळ पुसलं, त्याला माझ्या ओल्या पंच्याजवळ बसवलं. बॅगेतून ओआरएसचं पाकीट काढलं, लिटरच्या बाटलीत सगळं ओतलं आणि आजींना सांगितलं, “एकदम नका देऊ, घोट घोट द्या.”

नांदुरा येईपर्यंत पोरगं बिस्किट मागायला लागलं. आजोबा हसले. तो मुलगा परत वर जाऊन झोपला. मी पूर्ण वेळ तिथेच होतो, हातात मोबाइल आणि मोबाइलमध्ये गीता.

मित्रांनो, त्या दिवशी मी तो परिच्छेद पुसून टाकला. आज त्यावरच बोलायचं आहे.

भगवंत श्लोकात ‘सहन कर’ म्हणतात, ते कुणाला? अर्जुनाला. या एका श्लोकात त्याला दोनदा हाक मारली आहे, एकदा कुंतीचा पुत्र म्हणून, एकदा भरताच्या कुळातला म्हणून. म्हणजे आज्ञा समोरच्या एका माणसाला आहे, त्याच्या स्वतःच्या सुखदुःखाबद्दल. अर्जुनानं जाऊन बाकीच्यांना ‘तुम्ही सोसा’ असं सांगावं, हे त्यात कुठेच नाही. मी मात्र स्वतःसाठी ओला पंचा ठेवला आणि श्लोक आजींना दिला.

तुम्ही म्हणाल, शास्त्रात तितिक्षेची व्याख्या कडक आहे. खरं आहे. आदि शंकराचार्यांच्या नावे असलेल्या ‘विवेकचूडामणी’त तितिक्षा म्हणजे दुःखावर उपाय न शोधता, चिंता न करता, रडगाणं न गाता ते सोसणं, असं सांगितलं आहे. मग आजींनीही तसंच सोसायला हवं होतं का? नाही. कारण ती व्याख्या साधकासाठी आहे, ज्यानं ती वाट स्वतः निवडली आहे त्याच्यासाठी. तितिक्षा हे व्रत आहे. माझ्या नावानं तुम्ही उपास करू शकत नाही, तशी दुसऱ्याच्या वतीनं तितिक्षाही करता येत नाही. चार वर्षांच्या पोरानं कुठलं व्रत घेतलं होतं?

दुसऱ्याच्या दुःखाकडे कसं पाहायचं, हे गीतेनं वेगळं सांगितलं आहे. सहाव्या अध्यायातला ३२ वा श्लोक काढून वाचा. जो स्वतःवरून दुसऱ्याचं सुख आणि दुःख ओळखतो, सगळीकडे तेच मोजमाप लावतो, तो योगी श्रेष्ठ, असा त्याचा आशय आहे. हे दोन श्लोक जोडीनं वाचायला हवेत. मला उकडतंय, तर मी शांत राहायला शिकायचं. तुला उकडतंय, तर तुला किती उकडत असेल हे माझ्या अंगावरून ओळखायचं आणि उठायचं. मी नेमकं उलटं केलं होतं. माझ्या उकाड्यावर उपाय केला आणि तिच्या उकाड्यावर उपदेश केला.

आणि गंमत बघा, मी चाललो होतो कुठे? शेगावला! ‘श्रीगजाननविजय’ ग्रंथाचं पारायण करणाऱ्यांना पाचव्या अध्यायातली अकोलीच्या भास्कर पाटलांची गोष्ट माहीत असेल. भर उन्हाची वेळ, महाराज तहानलेले. शेतात काम करणाऱ्या भास्करकडे पाणी होतं. महाराजांनी मागितलं. भास्करनं पाणी दिलं नाही, धर्म सांगितला! लुळ्यापांगळ्याला, अनाथाला पाणी दिलं तर पुण्य, तुझ्यासारख्या धडधाकट माणसाला कशाला द्यायचं, असा त्याचा रोख होता. पुढे महाराज कोरड्या विहिरीवर गेले, विहिरीला पाणी लागलं आणि भास्कर शरण आला. हा अध्याय वाचताना मी नेहमी विहिरीच्या चमत्कारापाशी थांबायचो. भास्कर कसा चुकला, यावर कधी थांबलोच नव्हतो. त्यानं सांगितलेला धर्म तसा चुकीचा नव्हता. फक्त तो बोलायची ती वेळ नव्हती, ती पाणी द्यायची वेळ होती. भुसावळच्या पुढे मी भास्करच होतो, आणि मला विहीरसुद्धा दिसली नाही.

नाथमहाराजांची गोष्ट याच्या अगदी समोर ठेवा. काशीहून गंगेची कावड खांद्यावर घेऊन रामेश्वरला निघालेले एकनाथ. वाटेत तापलेल्या वाळूत एक गाढव तहानेनं तडफडत होतं, आणि नाथांनी देवासाठी आणलेलं गंगाजल त्याच्या तोंडात ओतलं. त्या वाटेचं ऊन नाथांनाही लागतच होतं. स्वतःचं ऊन ते महिनोन् महिने सोसत आले होते. गाढवाचं ऊन त्यांना क्षणभर सोसवलं नाही. तितिक्षा आणि करुणा एकाच माणसात कशा राहतात, याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

आपल्या परंपरेनं तर देवालाही ‘ऊन सोस’ म्हटलेलं नाही! पंढरपुरात गुढीपाडव्यापासून मृग नक्षत्रापर्यंत विठुरायाला चंदनउटी लावतात, कारण माउलीला उन्हाळा बाधू नये. अक्षय्य तृतीयेला पाण्यानं भरलेली घागर दान करतात. ज्या खानदेशातून आमची गाडी चालली होती, तिथे आखाजीला घरोघर घागर भरतात. गावोगावच्या पाणपोया, लाल कापड गुंडाळलेले रांजण हे सगळं कुणी केलं? ज्यांनी स्वतः आयुष्यभर ऊन सोसलं, त्यांनीच. त्यांना तितिक्षा ठाऊक होती, म्हणूनच दुसऱ्याच्या घशाची कोरड कळत होती.

आता तितिक्षेचीच आणखी एक बाजू. स्वतःचं ऊन सोसायचं म्हणजे शरीराला छळायचं का? प्रवासात पाणी कमी प्यायचं, आजारी पडायचं आणि त्याला तप म्हणायचं? तेही नाही. गीतेच्या सतराव्या अध्यायात (श्लोक ५ आणि ६) दंभानं आणि हट्टानं शरीर कष्टवणाऱ्यांना भगवंतांनी चांगलंच सुनावलं आहे. ते आतल्या मलाच त्रास देतात, असं भगवंत म्हणतात. ‘एसी मिळालं नाही, बरंच झालं’ या माझ्या विचारात सुद्धा थोडा दंभ होताच की!

शरीराचं गणित साधं आहे. आपलं तापमान ३७ अंशांच्या आसपास. बाहेरची हवा त्याहून गरम झाली की नुसता वारा अंगाला गार करत नाही, उलट उष्णता देतो. तेव्हा घाम सुकणं हाच शरीराचा आधार, आणि घामासाठी पाणी हवं. विदर्भ-खानदेशच्या कोरड्या हवेत ओलं कापड छान काम करतं. मुंबईच्या दमट हवेत घाम लवकर सुकत नाही, म्हणून तिथे कमी तापमानातही जीव नकोसा होतो. लहान मुलं आणि वयस्कर माणसं हा ताण लवकर झेलू शकत नाहीत. म्हणून उन्हाळ्यात बिनएसी प्रवास करणार असाल तर :

पाणी तहान लागायची वाट न बघता थोडं थोडं प्या. बॅगेत ओआरएसची दोन पाकिटं ठेवा. नेहमीचं मोठं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यात घालायचं असतं, अर्धंमुर्धं नाही. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात ६ सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, चहाच्या चमच्यानं. एक जादा पंचा ठेवा. कुणी बरळायला लागलं, अंग चटका बसेल इतकं तापलं किंवा शुद्ध हरपली तर तो उष्माघात असू शकतो. गाडीत असाल तर लगेच १३९ ला, बाहेर असाल तर १०८ ला फोन करा, आणि मदत येईपर्यंत अंग ओलं करून वारा घालत राहा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी मात्र घालू नका.

तो जादा पंचा आणि ते दुसरं पाकीट कुणासाठी, हे आता सांगायला नको.

शेगावला उतरताना मी माझी दुसरी, न उघडलेली बाटली आजींच्या हातात दिली. “असू दे बाबू, तुले लागंन,” त्या म्हणाल्या. मी म्हटलं, “आजी, चुकलं माझं.” त्यांना बहुतेक कळलंच नाही मी कशाबद्दल बोलतोय. गाडी सुटली. मला क्षमा मागायची होती, ती नीट मागताही आली नाही. ती रुखरुख अजून आहे, आणि राहू दे.

दर्शनाच्या रांगेत घामाघूम उभा होतो. पांढऱ्या कपड्यातले एक सेवेकरी काका पाणी घेऊन आले. हात जोडून म्हणाले, “माउली, पाणी घ्या.” मी कोण, कुठून आलो, येताना काय करून आलो, काही विचारलं नाही. तो पेला रिकामा करताना डोळे भरून आले. महाराजांपुढे गेल्यावर वेगळं काही मागायचं सुचलंच नाही.

आजचा संकल्प : ‘सहन कर’ हे वाक्य आजपासून फक्त आरशात बघून म्हणायचं. दुसरा कुणी ‘फार उकडतंय हो’ म्हणाला की आधी उठायचं, पाणी विचारायचं. बोलायचं असेल ते नंतर.

प्रार्थना : माउली, माझ्या वाट्याचं ऊन मला शांतपणे सोसता येऊ दे. दुसऱ्याच्या वाट्याचं ऊन मला कधीच सोसवू नये.

राम कृष्ण हरी. जय गजानन!