आधी आलेल्याचा हक्क

आधी आलेल्याचा हक्क मोठा, की नंतर आलेल्याची गरज मोठी? घर असो, भिशी असो की महिला मंडळ, हा प्रश्न सगळीकडे आहे. मला तो शेजारच्या परसात नीट समजला. आम्ही जैन, आमच्याकडे कोंबड्या नाहीत. पण आमच्या बेळगावच्या या गल्लीत मधल्या भिंती कमरेएवढ्याच, त्यामुळे शेजारच्या अक्कांचं खुराडं मागच्या दारातून रोज दिसतं. कोंबड्या पाळाव्यात की नाही, तो वाद आज नको. पाळलेल्या जिवाशी कसं वागावं, एवढंच बघू.

जुन्या कोंबड्यांत नव्या तलंगा सोडणं म्हणजे नुसतं दार उघडणं नव्हे. कोंबड्यांची एक उतरंड असते. दाण्यावर आधी कोण, कुणी कुणाला टोचायचं, सगळं ठरलेलं. नॉर्वेच्या थोर्लेइफ श्येल्डेरुप-एब्बे यांनी लहानपणापासून कोंबड्या न्याहाळल्या आणि १९२२ साली ही उतरंड लिहून मांडली. ती वाईटच असते असं नाही. एकदा ठरली की भांडणं कमी होतात, नुसत्या नजरेवर भागतं. नवी आली की ठरलेलं मोडतं. जुनी टोचते ती दुष्ट म्हणून नव्हे, आपली जागा राखायला.

अक्का हे जाणतात. विकत आणलेल्या तलंगा त्या आधी दोन-तीन आठवडे लांब ठेवतात, रोग आला असेल तर तिथेच कळावा म्हणून. मग मध्ये जाळी लावून शेजारी. दिसायचं, पण चोच पोचायची नाही. अंगानं जुन्यांच्या जवळपास भरल्याशिवाय एकत्र सोडत नाहीत, आणि एकटी तर कधीच नाही. एकटीवर सगळ्यांचा रोख राहतो. दाणापाणी दोन-तीन ठिकाणी, कोपऱ्यात आडोशाला एक फळी. अंड्यावरच्या कोंबड्यांचं खाद्य कोवळ्या तलंगांना घालत नाहीत. त्यात कवचासाठी कॅल्शियम जास्त असतं, ते त्यांच्या मूत्रपिंडांना झेपत नाही.

कुणी म्हणेल, एवढं कशाला? निसर्ग आहे, त्यांचं त्या बघतील. यात थोडं खरंही आहे. प्रत्येक टोच्याला धावून गेलं तर उतरंड ठरतच नाही, भांडण लांबतं. अक्काही दोन टोचे बघून गप्प राहतात. पण रक्त दिसलं की लगेच उचलून बाजूला. लाल दिसलं की बाकीच्याही तिथेच टोचतात.

आणि निसर्ग म्हणाल, तर रानात हरलेली पाखरू पळून जातं. परसात ती पळणार कुठे? कुंपण आपण घातलं, दाराला कडी आपण लावली. ज्यानं पळायची वाट बंद केली, त्यानं ‘त्यांचं त्या बघतील’ म्हणू नये. माझ्या मते हिंसा नुसत्या चोचीत नसते, कडी लावून पाठ फिरवण्यातही असते.

आता घराकडे वळू. नवी सून येते, मंडळात नवी बाई येते. जुन्यांना जागेची धास्ती वाटते, हे मला मान्य आहे. त्यांचा मान ठेवावा. पण कोंबडी कधी म्हणत नाही, ‘आम्हीही सोसलं, तूही सोस.’ सोसण्याचा नियम करणारी माणसंच. आणि सून रागावून माहेरी जाईल म्हटलं, तर ते दारही बहुतेकदा आपणच लावलेलं असतं.

म्हणून मला वाटतं, आधी आलेल्याला मान मिळावा, पण नव्याला टोचायचा परवाना मिळू नये. आणि हे बघायचं काम उतरंडीतल्या कुणाचं नव्हे, ज्याच्या हातात कडी आहे त्याचं. आपल्यातल्या पुष्कळ जणींच्या हातात आज ती आहे. खाण्याचं भांडं एकच ठेवायचं की दोन, आडोशाला फळी लावायची की नाही, हे आता आपणच ठरवायचं.