तापलेल्या लोखंडाचा गोळा

मिरजेच्या एखाद्या रुग्णालयात दीड टेस्लाच्या एमआरआय यंत्रात रुग्णाला सरकवतात, तेव्हा त्याच्याभोवतीच्या वेटोळ्यांतून बाहेरच्या विजेविना प्रवाह वाहत असतो. नायोबियम-टायटॅनियमची तार द्रव हेलियममध्ये, उणे २६९ अंशांना बुडालेली असते. एकदा सोडलेला प्रवाह वर्षानुवर्षे ओसरत नाही. विजेला विरोधच न उरण्याचा हा गुण म्हणजे अतिसंवाहकता; सांगली-मिरजेकडच्या माणसाला ती अशी उशाशी भेटते.

दोन अतिसंवाहकांमध्ये दुसऱ्याच पदार्थाची पातळ पट्टी असली, तरी हा प्रवाह पार जातो, हे ब्रायन जोसेफसनने १९६२ साली गणिताने दाखवले. पट्टी टोपोलॉजिकल पदार्थाची, म्हणजे आतून वीज अडवणाऱ्या पण कडेने वाहू देणाऱ्या पदार्थाची असेल, तर एत्तोरे मायोरानाने १९३७ साली कल्पिलेला, स्वतःच स्वतःचा प्रतिकण असणारा कण सांध्यात वेगळ्या रूपाने अवतरावा, अशी अपेक्षा आहे. सांध्यावर सूक्ष्मलहरी सोडल्या की व्होल्टेज पायऱ्यापायऱ्यांनी चढते; मायोराना असेल तर विषम क्रमांकाच्या पायऱ्या गळाव्यात. २०१६ साली जर्मनीतल्या वुर्ट्सबुर्गच्या संशोधकांना पारा-टेल्युराइडच्या सांध्यात पहिली पायरी खरोखरच गळालेली दिसली.

मग मायोराना सापडला असे म्हणायचे का? इथे मला वाई आठवते. प्राज्ञपाठशाळेच्या आणि तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या या गावाला न्यायशास्त्राचा जुना धडा परका नाही. धूर दिसला की अग्नी असतोच. पण अग्नी आहे म्हणून धूर असेलच असे नाही. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी आहे, धूर नाही. धुराला ओले सरपण लागते. ही अट म्हणजे उपाधी. ती नजरेतून सुटली की अनुमान फसते.

भौतिकीला तो गोळा २०२१ साली सापडला. न्यूयॉर्कच्या एका गटाने ॲल्युमिनियम आणि इंडियम आर्सेनाइडचा, टोपोलॉजिकल नसलेला सांधा तपासला, आणि पायरी तिथेही गळाली! इलेक्ट्रॉन जवळजवळ विनाअडथळा पार जात असले, की दोन ऊर्जापातळ्यांमधली फट फार चिंचोळी होते. ती ओलांडून ते वरच्या पातळीत जातात आणि मायोरानाचीच खूण उमटते. मायोराना असेल तर पायरी गळावी, हे खरे असूनही पायरी गळाली म्हणून मायोराना आहे, असे म्हणता येत नाही. नेदरलँड्समधल्या डेल्फ्टच्या गटाने मायोरानाची खूण दिसल्याचा २०१८ चा आपला गाजलेला शोधनिबंध मागे घेतला, तोही २०२१ मध्येच. यात मला विज्ञानाची नामुष्की दिसत नाही. उपाधी शोधणे हेच तर खरे काम.

फेब्रुवारी २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टने मायोरानांवर आधारलेली ‘मायोराना १’ ही क्वांटम संगणकाची चिप जाहीर केली. पण सोबतच्या शोधनिबंधात लेखकांनी स्वतःच लिहिले आहे, की दिसलेल्या अवस्था टोपोलॉजिकल आहेत की नाहीत हे केवळ या मोजमापांवरून ठरत नाही. माझ्या मते निकाल लागेल तो मायोरानांची एकमेकांशी अदलाबदल करून. अदलाबदलीचा क्रम बदलला की शेवटची अवस्थाही बदलायला हवी, आणि तो बदल वाचता यायला हवा.