चंद्रोदयाला जेवणारा प्राणी

संकष्टीच्या दिवशी राहात्यातल्या घराघरांत भिंतीवरच्या कॅलेंडरात एक वेळ शोधली जाते. चंद्रोदय, रात्री नऊच्या पुढेमागे. तोवर उपास, मग अर्घ्य, नैवेद्य आणि मग ताट. कॅलेंडरातली ठळक वेळ बहुधा मुंबईची असते. राहाता मुंबईच्या पूर्वेला दीड अंशाहून थोडं अधिक आहे. अंशाला चार मिनिटं धरली तर इथे चंद्र सहा-सात मिनिटं आधीच वर येतो. हा हिशेब उपास करणाऱ्याला सांगून पाहावा. तो छापील वेळेपर्यंतच थांबतो. चंद्राच्या रोजच्या फेरीला आपलं जेवण इतकं काटेकोर बांधून घेतलेला दुसरा कुणी प्राणी जमिनीवर असेल का, हा प्रश्न मला आधी थट्टेतच सुचला होता.

तो थट्टेचा न मानणारा एक माणूस होऊन गेला. जॉन आल्डन नाइट हा गळाने मासे धरण्याचा नाद असलेला अमेरिकन. मासे कधी खातात आणि कधी तोंड फिरवतात याचा चंद्राशी काही मेळ आहे, हा विचार १९२६ मध्ये त्याच्या डोक्यात शिरला आणि १९३६ पासून त्याने त्याचे तक्तेच छापायला घेतले. चंद्र माथ्यावर असताना आणि बरोबर पायाखाली, पृथ्वीच्या पलीकडे असताना दोन मोठ्या वेळा, सुमारे दोन-दोन तासांच्या. उगवताना आणि मावळताना दोन छोट्या. या वेळांना प्राणी खायला उठतात, मधल्या काळात पडून राहतात, असं त्याचं म्हणणं. मासे झाले, मग हरणं आली, पाखरं आली. असले तक्ते आजही वापरले जातात. योगायोग असा की १९२६ हेच भंडारदरा धरण पूर्ण झाल्याचं साल. राहाता तालुक्याच्या लोणीकडच्या अंगाला प्रवरेच्या कालव्याने, राहाता-शिर्डीकडे गोदावरीच्या उजव्या कालव्याने ऊस आणला, आणि इथल्या रात्री कोण कुठे झोपतं, कोण काय खातं, हे त्या पाण्याने जेवढं बदललं तेवढं कुठल्याही तक्त्याला सांगता आलेलं नाही. पण त्याकडे नंतर वळू.

समुद्रकाठी नाइटचं म्हणणं वावगं वाटणार नाही. चंद्राचा दिवस २४ तास ५० मिनिटांचा, म्हणून भरती साधारण १२ तास २५ मिनिटांनी येते आणि रोज पन्नासेक मिनिटं पुढे सरकते. खडकाला चिकटलेल्या कालवाला पाणी असेल तेव्हाच उघडता येतं. त्याचं ताट समुद्र वाढतो, समुद्राला चंद्र हलवतो. कोकणातल्या कोळ्याला उधाण आणि भांग कुणी शिकवावं लागत नाही. राहात्याहून मात्र समुद्र दोनशेक किलोमीटर दूर, मध्ये सह्याद्री. इथे ओढायला पाणी नाही, उरते ती नुसती ओढ. तीही मोजता येते. भरती आणणारा चंद्राचा जोर पृथ्वीच्या ओढीच्या साधारण एक कोटीवा हिस्सा. गोठ्यातली पाचशे किलोची होल्स्टिन गाय चंद्र माथ्यावर आल्यावर जेवढी हलकी होते, तेवढी ती पाठीवरच्या तीन-चार माश्या उडाल्या तरी होते. एवढ्याशा फरकाने तिला भूक लागावी, हे मानायला मी तयार नाही.

एका शास्त्रज्ञाने ते जवळजवळ मानलं होतं. फ्रँक ब्राउन यांनी १९५४ मध्ये अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरून, न्यू हेवनहून, कालवं उचलून आत खूप दूरवर, शिकागोजवळच्या एव्हान्स्टनला नेली आणि अंधारात ठेवली. दोनेक आठवड्यांत त्यांच्या उघडण्याच्या वेळा सरकल्या आणि एव्हान्स्टनला समुद्र असता तर जेव्हा भरती आली असती त्या वेळांशी जुळल्या, असं त्यांनी लिहिलं. गोष्ट मोहात पाडणारी आहे. तिला लामाँट कोल यांनी १९५७ मध्ये ‘सायन्स’मध्ये जे उत्तर दिलं ते शास्त्राच्या इतिहासातल्या खट्याळ लेखांपैकी एक. त्यांनी यदृच्छेने निवडलेले आकडे घेतले, ते एकशिंगी घोड्याच्या, म्हणजे नसलेल्याच प्राण्याच्या शरीरव्यापाराची मोजमापं आहेत असं धरलं, त्यावर त्याच धाटणीचे संस्कार केले आणि त्यातूनही छानसा दैनंदिन ताल काढून दाखवला. आकडे पुरेसे कुरवाळले की ताल सापडतोच. अमावास्या-पौर्णिमेच्या आपल्याकडच्या पुष्कळ अनुभवांचं मूळ इथेच आहे, असं मला वाटतं; घडलेलं लक्षात राहतं, न घडलेल्या अमावास्या कुणी मोजत नाही.

तरीही हा सगळा खेळ खोटा म्हणून मोकळं होता येत नाही, आणि आडवा येतो तो एक क्षुद्र किडा. भुसभुशीत मातीत नरसाळ्यासारखा खड्डा करून तळाशी मुंगीची वाट पाहत बसणारा. लहानपणी गवताची काडी घालून त्याला छेडलं नाही असं खेड्यातलं पोर विरळा. दक्षिण आफ्रिकेत यूथेड आणि मोरन यांनी १९६९ मध्ये नोंदवलं की या किड्याचे खड्डे पौर्णिमेच्या सुमारास मोठे होतात आणि खड्डा राखण्याची त्याची लगबग चंद्राच्या दिवसाप्रमाणे चालते. अंधाऱ्या प्रयोगशाळेतही तो ताल त्याने धरून ठेवला. म्हणजे चंद्राचं घड्याळ शरीरात बसू शकतं. पण ते तिथे बसायलाही आधी पिढ्यान्‌पिढ्या बाहेर काहीतरी घडावं लागतं, आणि जमिनीवर ते बाहेरचं काहीतरी म्हणजे ओढ नव्हे, उजेड.

चांदण्याचा उजेड किती? भर पौर्णिमेला लक्सचा एक दशांश ते पाव भाग. अर्धा चंद्र पूर्ण चंद्राच्या निम्मा उजेड देतो असंही नाही, जेमतेम दहावा हिस्सा देतो. तेवढ्यावर वाचता येत नाही, पण कुणी तरी आपल्याला पाहू शकतं. माझ्या मते सगळी मेख इथे आहे. चंद्र प्राण्याला भूक लावत नाही, खाण्याची किंमत ठरवतो. चांदण्यात बाहेर पडलं तर चारा तोच असतो, जीव जाण्याची भीती वाढलेली असते. ज्याला लपून खायचं असतं तो अशा रात्री आखडून बसतो. ज्याला डोळ्यांनी शोधून खायचं असतं त्याची चंगळ होते.

राहात्याच्या पेरूच्या बागा घ्या. पेरूवर येणाऱ्या छोट्या फळवाघळांचा अभ्यास मदुराईकडे झाला आहे. एलांगोवन आणि मारिमुत्तू यांनी २००१ मध्ये दाखवलं की चांदण्यात ही वाघळं कमी हिंडतात, अंधारात जास्त. याच्या उलट रातवा. संध्याकाळी कच्च्या रस्त्यावर बसून गाडीच्या दिव्यात डोळे चमकवणारा हा पक्षी उडते किडे टिपतो, त्याला उजेड हवा. त्याच्या युरोपातल्या भाऊबंदांच्या पाठीवर यंत्रं बसवून स्वीडिश संशोधकांनी पाहिलं, तर चांदण्या रात्री त्यांची शिकार दुपटीहून अधिक. गव्हाणी घुबडाची तऱ्हा तर नाटकात शोभावी अशी. स्वित्झर्लंडमध्ये पांढऱ्या आणि तांबूस पोटाच्या घुबडांची तुलना झाली. पौर्णिमेला तांबूस घुबडांना शिकार कमी मिळाली, पांढऱ्यांना तेवढी झळ लागली नाही, कारण पांढऱ्या पिसांवरून परतणारं चांदणं पाहून उंदीर पळायचं विसरून अधिक वेळ थिजून राहतो. उंदराने लपायला पाहिजे हे चंद्राने शिकवलं, आणि घुबडाने तोच चंद्र अंगावर पांघरला.

या सगळ्यात रोजची पन्नास मिनिटं विसरू नयेत. चंद्र केवढा आहे याइतकंच तो कधी उगवतो हे महत्त्वाचं. शुद्ध द्वादशीचा चंद्र आणि वद्य चतुर्थीचा, म्हणजे संकष्टीचा चंद्र आकाराने जवळजवळ सारखे. द्वादशीचा मात्र दिवस मावळतानाच वर आलेला असतो, त्यामुळे संध्याकाळ उजळ. संकष्टीला दिवस मावळल्यापासून चंद्र येईपर्यंत दोन-तीन तास मिट्ट काळोख, आणि नेमक्या त्याच वेळात माणसं घराबाहेर असतात. टांझानियात क्रेग पॅकर आणि सहकाऱ्यांनी १९८८ ते २००९ या काळातले सिंहांचे गावकऱ्यांवरचे सुमारे ५०० हल्ले तपासले. हल्ले पौर्णिमेनंतरच्या दिवसांत वाढलेले दिसले, तेही दिवस मावळल्यानंतरच्या पहिल्या काही तासांत. चांदण्या रात्रींत सिंहाच्या पोटात कमी जातं. मग वद्य पक्षात अंधारी संध्याकाळ मिळते तेव्हा तो भुकेला असतो. आपल्या जेवणाची वाट पाहायला लावणारा काळोख आणि त्याच्या जेवणाचा काळोख एकच.

आता ऊस. राहात्यात सिंह नाही, बिबट्या आहे. याच जिल्ह्यात, प्रवरेच्या वरच्या अंगाला अकोल्यात विद्या अत्रेय यांनी केलेल्या अभ्यासात शंभर चौरस किलोमीटरला जवळपास पाच प्रौढ बिबटे निघाले, आणि तेवढीच तरसं. जंगल नाही, गावं आणि शेतं असलेल्या मुलखात. बिबट्यांच्या आहारात वजनाने सर्वांत मोठा वाटा कुत्र्यांचा, चाळीस टक्क्यांच्या घरात. गळ्यात पट्टे लावलेले बिबटे दिवसा उसात पडून राहत आणि रात्री घरांच्या जवळ येत. दिवसा माणसाचा, रात्री त्याचा, असा हा बिनबोलाचा करार. त्यात कुणी खोट आणली असेल तर ती विजेने. शेतीपंपाची थ्री फेज लाईट आलटून-पालटून दिवसा आणि रात्री येते. रात्रीची पाळी असली की बॅटरी घेऊन उसाला पाणी द्यायला जावंच लागतं, मग पौर्णिमा असो की अमावास्या. आपल्या बाहेर पडण्याची किंमत चंद्र ठरवत होता, तो अधिकार आपण वेळापत्रकाला दिला. उलट बाजूला चौकाचौकातले हायमास्ट. त्यांच्याखाली चांदण्याच्या कितीतरी पट उजेड, तोही रोज, रात्रभर. तिथल्या वाघळाच्या लेखी चंद्र कधी मावळतच नाही.

आणि गाय? तिचं खाणं-बसणं डेअरीच्या सकाळ-संध्याकाळच्या गाडीवर चालतं. मुक्त गोठ्यात वैशाखात ती दुपारी सावलीला रवंथ करते आणि रात्री उठून मुरघास खाते, ते उन्हामुळे. त्या रात्री चांदणं असलं तर श्रेय चंद्राला जातं, एवढंच.

बिबट्याने शेळी किंवा वासरू मारलं की भरपाईसाठी वन खात्याचा पंचनामा होतो. तारीख, ठिकाण, साधारण वेळ त्यात येतेच. शेजारी आणखी दोन रकाने हवेत, असं मला वाटतं: त्या दिवशीची तिथी, आणि त्या आठवड्यात लाईट दिवसाची होती की रात्रीची. माणसावर हल्ला झाला तर हे दोन्ही अधिकच हवेत. एकटी तिथी लिहून भागणार नाही. लाईट रात्रीची असली की शिवारात माणसं जास्त असतात, आणि नुसत्या तिथीच्या रकान्यातून तो दोष चंद्राच्या माथी लागेल, कोल यांच्या एकशिंग्यासारखा. तारखेवरून तिथी पंचांगात कधीही काढता येते. कुठल्या फीडरवर लाईट कधी होती हे मात्र वर्षभराने गावात कुणाला आठवत नाही. म्हणून ती त्याच दिवशी कागदावर यायला हवी. मग दिवसाची लाईट मागणाऱ्या शेतकऱ्याला आपल्या अर्जासोबत जोडायला काहीतरी हाती असेल.